तारा उतरवल्या म्हणजे वेळ मारून नेली असं नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत जोनी मिचेल या कॅनडाच्या गायिकेच्या 'क्लाउड्स' या दुसऱ्या अल्बमवर लेख आला होता. आधी आनंद झाला, कारण नाशिकला घरी येणाऱ्या मराठी पेपरात या बाईचं नाव मी पहिल्यांदाच वाचलं. पण लेखातली दोन वाक्यं वाचून मी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि तेव्हापासून तेच डोक्यात चाललंय. पहिलं वाक्य असं होतं की हा अल्बम म्हणजे डायरीतली पानं फाडून त्याला चाल लावलीय. ते लेखकाचं मत आहे, ठीक आहे, पटत नाही पण मत आहे. दुसरं वाक्य असं की गिटार नीट शिकलेली नसल्यामुळे तिने तारा आपल्याला हव्या तशा लावून वेळ मारून नेली. हे मत नाही हो, ही चुकीची माहिती आहे, आणि ज्या माणसाच्या हातात काहीतरी कमी आहे त्याला हे वाक्य फार लागतं. म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, फक्त हाताबद्दलचं कापू नका एवढी विनंती.

तर आधी हाताचं. जोनी मिचेलला वयाच्या नवव्या वर्षी पोलिओ झाला. १९४३ चा जन्म, म्हणजे त्या वेळी लस अजून आली नव्हती. ती हॉस्पिटलमध्ये होती आणि ख्रिसमसला बेडवरून मोठ्याने गाणी म्हणायची असं तिने स्वतः सांगितलंय. चालायला लागली, पण डावा हात कमजोर राहिला. आता गिटार ज्यांनी हातात धरलीय त्यांना माहितीये की डाव्या हातालाच सगळी कसरत असते, तीन तीन चार चार बोटं वेगवेगळ्या तारांवर दाबून धरायची आणि झटक्यात बदलायची. तिला ते जमत नव्हतं. मग दुसऱ्या एका गायकाने तिला तारा वेगळ्या पद्धतीने लावून दाखवल्या, ज्याला ओपन ट्युनिंग म्हणतात, आणि तिथून ती जी सुटली ती पुढे पन्नासच्या वर ट्युनिंग तिने स्वतःच्या गाण्यांसाठी वापरली. पन्नास! प्रत्येक वेळी बोटांचा नकाशा नवीन, आधीच्या गाण्यात जिथे बोट ठेवलं तिथे पुढच्या गाण्यात भलताच सूर. वेळ मारून नेणारा माणूस एक सोपी युक्ती शोधतो आणि आयुष्यभर तीच वापरतो, पन्नास कशाला शोधेल?

आता माझं सांगते. मी ५४ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि माझा डावा हात दीड वर्षाची असताना पोलिओने गेला. गेला म्हणजे अगदीच नाही, हलतो, वस्तू धरता येते, पण जोर नाही आणि बोटं हवी तशी उघडत नाहीत. आमच्या गावाकडे पिंपळगाव बसवंतच्या बाजूला तेव्हा लस घरोघरी येत नव्हती, पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं, देशातली शेवटची केस जानेवारी २०११ ची आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या दिवशी मी शाळेत मुलांना पेढे वाटले होते, मुलांना काही कळलं नाही कशाचे पेढे, खाल्ले त्यांनी.

चौथीनंतर आम्ही नाशिकला आलो आणि मला गाण्याच्या क्लासला घातलं. गळा बरा होता. पण तिथे सगळ्यांना आधी पेटी शिकवायचे आणि पेटीला डाव्या हाताने भाता मारावा लागतो. माझा भाता मधेच थांबायचा, सूर ढासळायचा, आणि मागच्या मुली वळून बघायच्या. दोन महिन्यांनी गुरुजींनी वडिलांना बोलावून सांगितलं की हिला वाद्य जमायचं नाही, उगाच पैसे घालवू नका. वाईट हेतूने नाही सांगितलं, त्यांना खरंच तसं वाटलं असेल. वडिलांनी मला सायकलवर पुढे बसवून घरी आणलं आणि वाटेत काहीच बोलले नाहीत. त्यानंतर चाळीस वर्षं मी वाद्याला हात लावला नाही.

माझी भाची गिटार वाजवते. लॉकडाऊनमध्ये ती वर्षभर आमच्याकडेच होती. एका दुपारी ती गिटारच्या खुंट्या पिळत बसली होती, मी विचारलं काय करतेस, म्हणाली मावशी एका गाण्यासाठी तारा उतरवतेय. सगळ्यात जाड तार तिने एक सूर खाली आणली, पुढच्या दोन तशाच ठेवल्या, तिसऱ्या नंबरची अर्धा सूर खाली, आणि उरलेल्या दोन एकेक सूर खाली. मग काहीही न दाबता नुसतं वरून खाली हात फिरवला. मी ऐकलं आणि मला कळलं, अगं हे तर सा प सा ग प सा आहे! तंबोऱ्यासारखं, फक्त गंधार उघड वाजतोय. म्हटलं थांब, परत वाजव. ती परत परत वाजवत होती आणि मी नुसती सा लावून बसले. मग ती म्हणाली हे बघ, आता एकच बोट सगळ्या तारांवर आडवं टाकायचं, पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकमेकांत मिसळणारे सूर एकदम मिळतात, बोट पुढे सरकवलं की पुढचा कॉर्ड. एक बोट. माझं तेवढं एक बोट आडवं पडतं. जोर कमी पडत होता म्हणून तिने स्टीलचा पेला आणला, तोच तारांवर टेकवून सरकवला, थोडा खरखरला पण सूर आला. माझ्या डाव्या हातातून सूर आला. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही, रात्री पोहे केले.

तेव्हा मी विचारलं हे कुणी काढलं, आणि भाचीने 'क्लाउड्स' लावला. ओपन ट्युनिंग जोनीने शोधलं नाही, ते आधीपासूनच लोक वापरत होते, हेही सांगते नाहीतर परत कुणीतरी मला दुरुस्त करेल. पण तिने त्यातून जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. पोलिओ तर लाखो मुलांना झाला, सगळ्यांना असा अल्बम करता आला का? हात कमजोर होता ही सुरुवात झाली, पुढचं सगळं काम आहे, तासन्‌तास बसून केलेलं काम. नेमकं तेच तुमच्या लेखात कुठे दिसलं नाही.

आता अल्बमकडे येते. १९६९ च्या मे महिन्यात आला, दहा गाणी आहेत, सगळी मिळून चाळीस मिनिटं पण होत नाहीत. तिचा पहिला अल्बम आदल्या वर्षी आला होता, त्याचा निर्माता डेव्हिड क्रॉस्बी. त्याने काय केलं की तिला उघड्या पियानोत तोंड करून गायला लावलं, म्हणजे पियानोच्या तारा आवाजाबरोबर झंकारतील आणि ते पण रेकॉर्ड होईल. कल्पना छान होती पण टेपवर एवढी खरखर आली की ती काढता काढता आवाजाची धारच गेली. म्हणून दुसऱ्या वेळी एक गाणं सोडलं तर सगळं तिने स्वतःच्या हातात घेतलं. पंचवीस वर्षांची मुलगी, १९६९ साल, आणि स्टुडिओत माझं मी ठरवणार म्हणते. बहुतेक ठिकाणी फक्त तिचा आवाज आणि तिची गिटार, एखाददुसऱ्या ठिकाणी मित्राची साथ, बास. आवाज मागे लपवायला काहीच नाही. एखादा श्वास चुकला तरी ऐकू येतो. मी पहिल्यांदा इयरफोन लावून ऐकलं तेव्हा तारेवरून बोट सरकल्याचा आवाज सुद्धा आला, आणि त्या आवाजासाठी मी ते गाणं परत लावलं.

कव्हरवर तिने स्वतःचं चित्र काढलंय. फोटो नाही, स्वतः रंगवलेलं. हातात लाल लिलीचं फूल आणि मागे ज्या गावात ती वाढली त्या सास्कातूनची नदी आणि तिथलं जुनं हॉटेल. मला हे चित्र फार आवडतं. आपल्याकडे गोदाकाठी चित्रं काढणारी पोरं बसतात, घाट काढतात, देवळं काढतात, त्यांना विचारा स्वतःचा चेहरा काढणं किती अवघड असतं ते. आरशात बघून नाकाची सावली नेमकी कुठे पडते ते ठरवायचं, आवडलं नाही तरी जसं आहे तसं काढायचं. रडू आलं म्हणून कुणी सेल्फ पोर्ट्रेट काढत नाही, त्याला डोळे कोरडे लागतात. गाण्यांचं पण तेच आहे. स्वतःबद्दल आहेत म्हणून ती वहीत सांडलेली नाहीत, बसून घडवलेली आहेत.

सगळीच गाणी मला आवडतात असं नाही. मधली दोन तीन फार कोंदट वाटतात, एका गाण्यात तर ती दुसऱ्या एका बाईच्या भविष्य आणि ताईत गंड्यांच्या नादावर लिहिते आणि मला ते जरा कठोर वाटलं, भाचीचं मत उलट आहे. पण शेवटून दुसरं गाणं ऐका. त्याचं नाव 'द फिडल अँड द ड्रम'. त्यात एकही वाद्य नाही. नुसता गळा. व्हिएतनामची लढाई चालू होती आणि ही कॅनडाची मुलगी अमेरिकेशी बोलते, शत्रूशी बोलावं तसं नाही, वाट चुकलेल्या जुन्या मित्राला घरात बसवून विचारावं तसं, की बाबा रे तुझ्या हातात व्हायोलिन होतं, ढोल कधी आला. आता सांगा, हे डायरीतलं पान आहे का?

ते गाणं ऐकताना मला माझी आजी आठवली, आणि इथे मला जरा सविस्तर सांगायचंय कारण डायरी या शब्दाचं माझं खरं भांडण इथे आहे.

आजीचं जातं पडवीत होतं. मी सहा सात वर्षांची असेन, पहाटे उठून तिच्या समोर बसायचे, माझा चांगला हात खुंट्यावर तिच्या हाताच्या वर ठेवायचे, जोर तिचाच असायचा. ती ओव्या म्हणायची. भावाच्या, पंढरीच्या, माहेरच्या, सगळ्या बाया म्हणतात तशा. आणि मधेच एखादी ओवी यायची ज्यात एक नाव असायचं. कोणाचं ते मला माहिती नव्हतं. खूप नंतर आईकडून कळलं की मला एक आत्या होती, दीड वर्षाची असताना गेली, आणि घरात तिचं नाव कुणी काढायचं नाही असा जणू नियमच होता. आजी ते नाव फक्त जात्यावर घ्यायची. कुणी पडवीत आलं की ओवी तिथेच तोडायची आणि पंढरीची सुरू करायची. ओवी पूर्ण मला आता आठवत नाही, बऱ्याच वेळा प्रयत्न केला. पण एवढं पक्कं आठवतं की नाव लहान होतं, दोन अक्षरी, ओळीत कमी पडायचं, म्हणून आजी त्याला 'बाई' लावायची, आणि जात्याचा फेरा आणि ओळ बरोब्बर एकत्र संपायची. एकदाही चुकली नाही. मेलेल्या लेकीचं नाव घेताना सुद्धा ओळ बसली पाहिजे हे तिला कळत होतं, शाळेत न गेलेल्या बाईला. मग तिच्या ओवीला डायरी म्हणायचं की काय म्हणायचं?

आपल्याकडे हे काही नवीन नाही. शिऊरच्या संत बहिणाबाई, जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, या १६२८ ते १७०० मधल्या, त्यांनी आत्मनिवेदनाच्या अभंगात स्वतःचं सगळं आयुष्य लिहून ठेवलंय, नवऱ्याने मारलेलं, तुकोबांना गुरू मानलं म्हणून झालेला त्रास, वासरू मेलं ते, सगळं. शिऊर आपल्या जिल्ह्याच्या हद्दीपासून काही लांब नाही. जनाबाईने दळण कांडण गाण्यात आणलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यातल्या बऱ्याच आता 'पारी' या वेबसाइटवर बायांच्या आवाजात ऐकायला मिळतात, मी आजीची ओवी तिथे पुष्कळ शोधली, मिळाली नाही पण तशा दुसऱ्या पुष्कळ मिळाल्या. आणि स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतः गायचं हे तर आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर करत आले. मग एका परदेशी मुलीने स्वतःचं गाणं स्वतः केलं की लगेच ते कच्चं, वहीतलं, असं का वाटतं आपल्याला?

आणि अजून एक. लेखात म्हटलंय की ती या अल्बममध्ये सगळं सांगून टाकते. नाही सांगत हो! १९६५ मध्ये तिला मुलगी झाली होती, लग्न झालेलं नव्हतं, हातात पैसे नव्हते, आणि तिला ती मुलगी दत्तक द्यावी लागली. हे तिने घरच्यांपासून लपवलं होतं. 'क्लाउड्स' येईपर्यंत त्याला चार वर्षं झाली होती आणि या दहा गाण्यांत त्याबद्दल उघड असं काही नाही. १९७१ च्या 'ब्लू' अल्बममध्ये एका गाण्यात आलं, तेही असं झाकून की ज्याला माहिती आहे त्यालाच कळावं. पुढे १९९७ मध्ये आई आणि मुलगी भेटल्या. मी हे वाचलं तेव्हा मला पडवीत कुणी आलं की पंढरीची ओवी धरणारी आजीच दिसली. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं त्याचंच गाणं आपल्याला आतलं वाटतं, बाकीचे नुसतं बडबडतात आणि आपण विसरून जातो.

आता शेवटचं गाणं, ज्यावरून अल्बमला नाव मिळालं. 'बोथ साइड्स नाऊ'. विमानात बसलेली असताना कादंबरी वाचत होती, त्यात विमानातून खाली ढग दिसल्याचा उल्लेख आला, हिने पण खिडकीतून खाली बघितलं आणि गाणं सुरू झालं. २३ वर्षांची होती. ढग आधी खालून बघितले, आता वरून पण बघितले, तरी खरं मला कळलेले नाहीत, मग प्रेमाचं तेच, मग आयुष्याचं तेच, असं ते जातं. आधी ते ज्युडी कॉलिन्स या अमेरिकन गायिकेने गायलं, १९६८ ला अमेरिकेत आठव्या नंबरवर गेलं. तुमच्या लेखात ज्या गाजलेल्या रेकॉर्डचं वर्णन आहे, मागे वाद्यांचा गोड झणत्कार वगैरे, ती ज्युडी कॉलिन्सची आहे. जोनीच्या अल्बममध्ये नुसती गिटार आहे आणि हळू आहे. दोन्ही ऐकून बघा, फरक कळेल.

नाशिकच्या माणसाला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. सप्तशृंगी गडावर श्रावणात गेलं की ढग पायाखाली असतात, आजी पहिल्यांदा गेली तेव्हा म्हणे कापूस पसरलाय म्हणून हात खाली करून बघत होती. आणि द्राक्षवाल्याच्या घरात तर ढगाच्या दोन बाजू दरवर्षी बघायला मिळतात. जूनमध्ये वडील अंगणात खाट टाकून पश्चिमेकडे बघत बसायचे, एक काळा ढग दिसला की आईला हाक मारायचे. तेच वडील ऑक्टोबर छाटणी झाली, बाग पोंग्यात आली, म्हणजे कोवळी फूट निघायला लागली की त्याच आकाशाकडे बघून गप्प व्हायचे. ढगाळ वातावरण चार दिवस राहिलं की डाऊनीचा रोग आलाच, फुलोऱ्यात पाऊस आला तर गळकूज. रात्री दोन वाजता उठून फवारणी करायला जायचे. एका वर्षी सगळा माल गेला, नोव्हेंबरमध्ये पाच दिवस ऊन पडलं नाही. वडील घरात येऊन हात धुवून जेवायला बसले आणि आईने विचारलं तर म्हणाले, ढग काय आपले नोकर आहेत का. एवढंच बोलले. मी ते गाणं पहिल्यांदा अर्थासकट ऐकलं, भाची एकेक ओळ मराठीत सांगत होती, तेव्हा मला वडिलांचं ते वाक्य आठवलं आणि मी तिला म्हटलं थांब जरा. वडील तेव्हा जाऊन तीन वर्षं झाली होती.

या गाण्याची पुढची गोष्ट पण तुमच्या लेखात यायला हवी होती. २००० मध्ये जोनीने तेच गाणं मोठ्या ऑर्केस्ट्राबरोबर परत गायलं. आवाज तोवर पार खाली उतरलेला, तरुणपणीच्या त्या उंच पट्टीचं नाव नाही. २३ व्या वर्षी मला आयुष्य कळलं नाही म्हणणं हे ऐकायला गोड वाटतं, ५६ व्या वर्षी तेच शब्द म्हटले की ऐकणारा गप्पच होतो. मग २०१५ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, चालणं, बोलणं, गाणं सगळं परत पहिल्यापासून. गिटार तर ती स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून परत शिकली, माझी बोटं कुठे असायची म्हणून. त्याच डाव्या हाताने, दुसऱ्यांदा! २०२२ च्या जुलैमध्ये न्यूपोर्टच्या फेस्टिव्हलला अचानक स्टेजवर आली, खुर्चीत बसून हे गाणं गायली आणि त्याच कार्यक्रमात उभं राहून गिटार पण वाजवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ८० व्या वर्षी ग्रॅमीच्या कार्यक्रमात परत हेच गायली, तिथे ती आयुष्यात पहिल्यांदाच गायली. तसं 'क्लाउड्स'ला १९७० मध्येच बेस्ट फोक परफॉर्मन्सचं ग्रॅमी मिळालेलं आहे. २०२४ च्या त्या गाण्याचा व्हिडिओ मी आमच्या शाळेतल्या बाईंना मधल्या सुट्टीत मोबाईलवर दाखवला, इंग्रजी गाणी त्या ऐकत नाहीत, पण शेवटपर्यंत डबा तसाच उघडा ठेवून बघत होत्या.

तर माझी मागणी एवढीच आहे की ते गिटारचं वाक्य चुकीचं होतं अशी दोन ओळींची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा. डायरीबद्दलचं मत राहू द्या, त्यावर वाचक वाचक बघून घेऊ. पण पोलिओ झालेल्या हाताने स्वतःची वाट काढली याला वेळ मारून नेणं म्हणू नका. हा पेपर आमच्या स्टाफरूममध्ये येतो, सातवी आठवीची मुलं पण चाळतात, आणि आमच्या वर्गात एक मुलगा आहे ज्याचा उजवा हात भाजून आखडलाय. त्याला ढोलकी शिकायचीय. मला त्याच्या वडिलांना सायकलवरून गप्प घरी जाताना बघायचं नाही.

भाची आता पुण्याला शिकायला गेली, जाताना तिची जुनी गिटार मला ठेवून गेली. तारा उतरवलेल्याच आहेत, सा प सा ग प सा, मी कुणाला परत चढवू देत नाही. दुरुस्ती छापून आली की तेवढं कात्रण गिटारच्या कव्हरच्या खिशात ठेवणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक